आमची भाषा फोनात घालून आले

हैदराबादहून आल्यापासून वस्तीतल्या बायका एकच विचारतात, चारमिनार बघितला का. बघितला. मोठा आहे, भोवती बांगड्यांची दुकानं आहेत आणि गर्दीत कुणाचाही पाय पडून चप्पल तुटते. माझी तुटली. चारमिनारचं एवढंच सांगण्यासारखं आहे. ज्या कामाला गेले होते त्याचं मात्र कुणी विचारत नाही, म्हणून ते लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर मोठं येतं, पण कुणालाही वाचता येईल असं येतं.

आम्ही वडार. कळंब्याच्या पुढे आमची वस्ती आहे. माझ्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं आयुष्यभर दगड फोडला आणि घडवला. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांची जोती आमच्या माणसांच्या हातची आहेत. घरात आम्ही आमची भाषा बोलतो, वडारी. ती तेलुगूच्या नात्यातली आहे असं शिकलेले लोक सांगतात. दाराबाहेर मात्र मराठी. हे कुणी कुणाला शिकवत नाही. परका माणूस दारात आला की तोंडातलं बोलणं आपोआप वळतं. पाणी मागायला सुरुवात वडारीत केली आणि तेवढ्यात दूधवाला आला, तर तेच वाक्य मराठीत संपतं. कारण साधं आहे. पूर्वी ज्या गावाबाहेर आमची पालं पडत, त्या गावात कोंबडी जरी हरवली तरी आधी आमच्याकडं बघत. न कळणाऱ्या भाषेत बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असं लोकांना वाटतं. म्हणून आम्ही भाषाच लपवली.

माझी नात सुप्रिया, मुलीची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मला फोन घेऊन दिला आणि त्यातलं सगळं मराठीत करून दिलं. ती मराठी मी आयुष्यात कुठं ऐकली नव्हती. 'अद्ययावत करा', 'पुनर्प्राप्ती', 'परवानगी द्या'. चौथीच्या मास्तरांनाही ती आली नसती. परवानगी तर मी कुणालाच दिली नाही. अनोळखी माणूस रोज उठून परवानगी मागतो म्हटल्यावर शहाणी बाई नाहीच म्हणणार. त्यामुळं माझ्या फोनचा कॅमेरा चालत नव्हता, हे पुष्कळ दिवसांनी कळलं.

एकदा सुप्रियानं फोनातली भाषांची यादी उघडून माझ्यापुढं धरली. मराठी, हिंदी, तेलुगू, कोकणी, मी कधी नाव न ऐकलेल्या कुठल्या कुठल्या भाषा. म्हणाली, यात आपली शोध. मी म्हटलं, खाली असंल.

"खाली न्हाय, आज्जे. कुठंच न्हाय."

हैदराबादला एक संस्था आहे, तिथं लहान भाषा फोनात घालतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोनची बटणं बोलून दाखवतात आणि आपण बोललेलं फोनला कळतं. त्यासाठी त्यांना जुन्या माणसांचं पुष्कळ बोलणं लागतं. सुप्रियानं त्यांना छातीठोकपणे कळवलं होतं की आमच्या वस्तीत वडारी जिवंत आहे. त्यांनी तीन दिवस दिले. तेवढ्यात पुरेसं बोलणं मिळालं तर वडारी यादीत जाणार, नाहीतर दुसऱ्या भाषेचे लोक रांगेत उभे होते.

ती वस्तीत घरोघर फिरली. लोक हसले. पोरांना आधी इंग्लिश येऊ दे म्हणाले. म्हाताऱ्यांपैकी मी तयार झाले आणि माझा धाकटा दीर भीमा. भीमाचं कारण बिर्याणी होतं.

गाडीत बसल्यावर मी सुप्रियाला विचारलं, न्हाय जमलं तर पुन्हा कधी बोलावतील?

"पुन्हा बोलावलं तर कुणाला नेऊ, आज्जे? तुमी दोघं गेल्यावर ऱ्हातंय कोण?"

असं तोंडावर बोलणारी आमच्या घरात मी एकटीच आहे असं मला वाटत होतं. बरं वाटलं.

हैदराबाद

सकाळी मोठ्या गाडीतून उतरून शहरातल्या बसमध्ये बसलो. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. पुढं सरका, वाटेत उभं राहू नका. त्याचं सगळं बोलणं मला कळलं आणि मी पटकन पदर पुढं घेऊन मान खाली घातली. भीमाकडं बघितलं तर तोही खिडकीबाहेर बघायला लागलेला. जी बोली आम्ही चार भिंतींत हळू आवाजात बोलतो, ती हा माणूस भर रस्त्यावर घसा ताणून ओरडत होता. कुणीतरी आपल्या घरातलं भांडण चव्हाट्यावर सांगतंय असं वाटलं. शब्द थोडे वेगळे होते, हेल वेगळा होता, पण अंगावर येत होतं ते आपलंच. पाणी मागणारं पोर नीळ्ळु म्हणत होतं. फळवाली गिऱ्हाइकाला रा म्हणून बोलवत होती, आमच्यात 'ये' म्हणायला रा म्हणतात तसंच. दुकानांवरच्या पाट्या मला वाचता येत नव्हत्या, पण कानावर पडेल ते कळत होतं. फोनातल्या मराठीचं नेमकं उलटं.

खायचं म्हणाल तर भात फार. सकाळी भात, दुपारी भात, आणि त्यावर डाळ ओततात. अंबाडीची ते चटणी करतात. आपण अंबाडीची भाजी करून भाकरीवर घेतो, त्यांची चटणी भातात कालवतात. आंबट आहे, चांगली आहे. तिखटाच्या गोष्टी मात्र त्यांनी कोल्हापूरच्या माणसाला सांगू नयेत. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका चूल मांडून ज्वारीची भाकरी थापतात, ती बघितली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर आला. मी घरून खर्ड्याची बरणी नेली होती. ती भीमाच्या पिशवीत फुटली आणि त्याच्या धुतलेल्या टोप्या हिरव्या झाल्या. तीन दिवस तो तशीच टोपी घालून फिरला. लोक वाट सोडत होते, एवढा वास.

बिर्याणी भीमानं पहिल्या दुपारीच खाल्ली. म्हणाला, चांगली हाय, पण रस्सा कुठाय. वाढणाऱ्यानं पुन्हा पुन्हा विचारल्यावर ह्यानं पुन्हा पुन्हा रस्साच मागितला.

संस्थेतली खोली

ती खोली अशी की भिंतींना आतून गादीसारखं काहीतरी लावलेलं. दार लावलं की कान बंद झाल्यासारखे होतात. समोर लावण्या नावाची मुलगी बसायची, कानाला यंत्र लावून. गोड मुलगी. मला अम्मा म्हणायची. तिच्या भाषेत बाईमाणसाला मानानं तसंच म्हणतात आणि आमच्यात आईला. ती चित्रं दाखवून तोडक्या हिंदीत विचारायची. फोन वाजतोय, तर घरातल्यांना काय सांगाल. फोटो नको झाला, तर काय म्हणाल. मी धडाधडा बोलत होते. माझ्यानंतर भीमा आत गेला. बाहेर आला तो मिशीवर हात फिरवत.

"वैनी, मैदान मारलं."

संध्याकाळी सुप्रिया तिथल्या लोकांबरोबर ऐकायला बसली. थोड्या वेळानं तिनं आम्हाला आत बोलावलं. चेहरा पडलेला होता. तिनं यंत्र सुरू केलं. माझा आवाज आला. सगळं मराठी.

मी म्हटलं, दुसरं लावलंयस. तिनं पुढचं लावलं. तेही मराठी. मधूनच एखादा शब्द आमचा, बाकी सगळं बाजारात बोलतो तसं. भीमाचंही तेच, फक्त त्यात शिव्या जास्त. मी वडारीत बोलले होते. देवापुढं शपथ घेऊन सांगितलं असतं की वडारीत बोलले. पण समोर परकी मुलगी बसली होती आणि जिभेनं जन्मभराच्या सवयीप्रमाणंच केलं होतं. मला कळलंसुद्धा नाही.

तिथले मोठे सर वयस्कर होते, सभ्य माणूस. ते म्हणाले, हरकत नाही, उद्या बघू. सुप्रिया रात्री जेवली नाही. मी जेवले. उपाशी राहून भाषा येत नाही.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवून बोलले. वडारीच बोलले. पण ते बोलणं असं निघत होतं, जसं शाळेत बाईंनी उभं करून पाढे विचारल्यावर निघतं. दोन शब्द आणि थांबणं, दोन शब्द आणि थांबणं. बिचाऱ्या लावण्यानं माझ्यासाठी भिंतीकडं तोंड केलं. तरी तिची पाठ परकीच होती. भीमा तर आत जाऊन नुसता घाम पुसून आला.

दुपारी सरांनी सुप्रियाला बाजूला घेतलं. तिनं माझ्यापासून लपवलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले होते, वाईट वाटून घेऊ नका, पुष्कळ भाषांचं असं होतं. शब्द आठवतात, पण घरात बोलणं थांबलेलं असतं.

मला राग आला, पण सरांचा नाही. त्यांनी जे ऐकलं त्यावरून दुसरं काय म्हणणार. घरात मी सकाळी डोळा उघडल्यापासून त्या भाषेत बोलते आणि इथं हे लोक तिला मेलेली ठरवत होते, तेही माझ्याच तोंडच्या पुराव्यावर.

मी चप्पल घालून बाहेर पडले. तुटलेल्या चपलेला पिन लावलेली होती, ती टोचत होती. रस्त्याच्या कडेला फरशी बसवायचं काम चाललं होतं. माझ्याच वयाची एक बाई बसून छिन्नीनं दगडाची कड काढत होती. हात चांगला होता. मी उभी राहून बघायला लागले. तिनं वर न बघताच मला बाजूला व्हायला सांगितलं, कपची डोळ्यात जाईल म्हणाली.

मी म्हटलं, कपच्या मी तुझ्यापेक्षा जास्त खाल्ल्यात.

हे मी वडारीत म्हटलं. तिनं वर बघितलं. मग कुठली तू, कुणाची तू, सुरू झालं. तिचं नाव यल्लम्मा, माझं यल्लव्वा. देवी एकच, फक्त दोन गावांत दोन नावानं हाक मारतात. तीही दगडाच्या कामातल्या जातीची, तिकडं त्यांना वड्डर म्हणतात. कोल्हापूर तिला माहीत होतं. लक्ष्मीचं गाव, म्हणाली. माझी बोली ऐकून ती सारखी हसत होती. तिची आजी असं बोलायची म्हणे. आता त्यांची पोरं टीव्हीतल्यासारखं बोलतात, हे जुने शब्द कुणाच्या तोंडात राहिले नाहीत. मला एकेक वस्तू दाखवायची आणि तुम्ही काय म्हणता विचारायची. तिनं डबा उघडून मला भाकरीचा तुकडा दिला. वर कांदा. मी उभ्यानंच खाल्ला.

मग इथं कशाला आलीस, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. बोलायला बोलावलं होतं आणि बोलणं येईना, हेही सांगितलं. तिनं छिन्नी खाली ठेवली आणि पोट धरून हसली. एवढ्या लांब बोलायला आली आणि गप बसली.

मी म्हटलं, परक्यापुढं आमच्यात बोलत नाहीत.

यल्लम्मानं रस्त्याकडं बघितलं. रिक्षावाले भांडत होते, एक आई पोराला ओढत शाळेतून आणत होती, भाजीवाला ओरडत होता. सगळ्यांचं तेच, आमच्या नात्यातलं बोलणं. ती म्हणाली, "मग इथं परकं कोण हाय, सांग की मला." हे तिनं तिच्या भाषेत म्हटलं, पण मला असंच ऐकू आलं.

मागं सुप्रिया उभी होती. मला चहाला बोलवायला आली होती आणि कधीची ऐकत थांबली होती.

"आज्जे," ती म्हणाली, "तुला ठाऊक हाय का, तू आत्ता किती मोठ्यानं बोलत हुतीस?"

शेवटचा दिवस

सकाळी सुप्रिया सरांपुढं जाऊन उभी राहिली. त्यांची पद्धत अशी की एका वेळी एक माणूस. दोन आवाज एकमेकांत मिसळले की काम बिघडतं. सुप्रियानं त्यांना सांगितलं की ही भाषा एकट्यानं बोलायची नाहीच. आणि परक्यापुढंही नाही. घरचं माणूस समोर पाहिजे. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, करून बघू. दोघांना वेगवेगळी यंत्रं लावली. लावण्या काचेपलीकडं जाऊन बसली.

मी आणि भीमा आत. भीमा हिरवी टोपी काढून घालत होता. सुप्रियानं चित्रं दिली नव्हती. माझा फोन मध्ये ठेवला होता आणि एकच काम सांगितलं होतं, भीमाला फोन लावायला शिकव.

भीमाला मी तीस वर्षं ओळखत असते तरी पुरलं असतं, मी तर तो शेंबडा असल्यापासून ओळखते. त्याला काही शिकवता येत नाही. त्यानं फोन उलटा धरला. मी सरळ करून दिला. त्यानं लाल बटण दाबलं. मी हिरवं दाखवलं. त्यानं पुन्हा लाल दाबलं आणि वर म्हणाला की फोनच बिघडलाय.

मग मी सुरू झाले.

जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही थांबलो नाही. फोनवरून गाडी त्याच्या बायकोवर गेली, तिथून सासूबाईंवर, तिथून यल्लम्मा देवीच्या यात्रेत बैल सुटला होता त्यावर. दगड कुठून फुटतो हे कसं ओळखायचं यावर आमचं जुनं भांडण आहे, ते पुन्हा पहिल्यापासून झालं. मधून मधून सुप्रिया दार किलकिलं करून आमच्याच भाषेत अडखळत विचारायची, मागं जायचं असलं तर काय म्हणायचं, नको असलेलं टाकून द्यायचं असलं तर काय म्हणायचं. एरवी ती आम्हाला मराठीत उत्तर देते. भीमा गाडी मागं घेताना बैलाला जे म्हणायचा तेच त्यानं फोनला सांगितलं. त्याला दुसरं माहीत नाही, आणि त्याहून नेमकं काही असेल असं मला वाटत नाही.

काचेपलीकडं लावण्या हसत होती. तिला बहुतेक सगळं कळत होतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बाहेर आल्यावर भीमानं तिला विचारलं, समजलं काय. तिनं ओढणीनं तोंड झाकलं. मी सुप्रियाला म्हटलं, सरांना सांग, शिव्या तेवढ्या काढून टाका. सर म्हणाले, थोड्या ठेवाव्या लागतील. फोनला सगळ्यात जास्त तेच ऐकावं लागतं.

दुपारनंतर पुन्हा बसलो. आता लावण्या आत येऊन बसली तरी आमचं चालूच राहिलं. भीमानं तर तिलाही भांडणात ओढलं आणि ती तेलुगूत माझ्या बाजूनं बोलली.

संध्याकाळी सरांनी आम्हाला बोलावलं. बोलणं पुरेसं झालं होतं, पुरून उरलं होतं. एकच विचारायचं होतं. वडारी तेलुगूच्या पोटात दाखवायची की वेगळी. सुप्रियानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, यल्लम्मा माझी बहीण झाली म्हणून आम्ही एका चुलीवर जेवत न्हाय. सुप्रियानं सरांना ते कसं सांगितलं मला माहीत नाही. सरांनी मान हलवली.

त्यांनी एक फोन पुढं केला. अजून लोकांसाठी नाही, फक्त आम्हाला दाखवायला. सुप्रियानं यादी उघडली. बोटानं वर सरकवत गेली. मराठी. मैथिली. वडारी. संथाली. मी स्वतः वाचलं. तिला वाचू दिलं नाही. मराठीइतकंच अक्षर, मराठीइतकीच ओळ. मी त्यावर बोट ठेवलं आणि फोन माझ्या आवाजात बोलला. फार काही नाही, ये म्हणाला. रा.

सुप्रिया रडायला लागली. मी तिला नाक पुसायला सांगितलं. भीमा म्हणाला, माझा आवाज कुठाय. सरांनी मागं जायचं बटण दाबलं आणि फोन भीमाच्या आवाजात बैलाला ओरडला, तेव्हा त्यानं पुन्हा मिशीवर हात फिरवला.

परत आल्यावर

काही महिन्यांनी सुप्रियानं माझ्या फोनात वडारी घालून दिली. आता मला 'अद्ययावत' वाचावं लागत नाही. कॅमेराही चालतो. ज्या घरांनी तिला हसून वाटेला लावलं होतं, त्यातल्या तिघी-चौघी फोन घेऊन तिच्याकडं येऊन गेल्या. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायची इच्छा होती.

परवा मंडईतून कळंब्याच्या बसमध्ये बसले. बस भरलेली होती. पिशवीतून फोन वाजला आणि माझाच आवाज मोठ्यानं सांगायला लागला, भीमाचा फोन आहे, घे. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शेजारी एक चांगल्या घरची बाई बसली होती. तिनं विचारलं, "कुठली वो भाषा ही, मावशी?"

असं कुणी विचारलं की आमच्यात एक उत्तर ठरलेलं असतं. तेलुगू हाय म्हणायचं आणि विषय मिटवायचा. माझ्या ओठावर तेच आलं होतं.

"वडारी," मी म्हटलं. "आमची हाय. आन् आतनं बोलत्या ती बी मीच हाय."

ती म्हणाली, व्हय? आणि फोनकडं बघत राहिली. मी फोन घेतला. भीमाला काही काम नव्हतं, वांगी कशी दिली एवढंच विचारायचं होतं. वांग्याचं बोलणं किती चालणार. पण मी ते कळंब्यापर्यंत चालवलं, आमच्या भाषेत, आणि आवाज जराही खाली आणला नाही. सगळी बस ऐकत होती. ऐकू दे की.